शेवटास नेणारा सारथी : अँड्र्यू कोवन

ज्या गृहस्थाविषयी येथे लिहावयाचे आहे तो ना कवी, ना नाटककार, ना मुत्सद्दी. तो मोटार हाकणारा होता. अशा माणसाच्या कर्तृत्वाचे परीक्षण साहित्यविषयक मासिकात करावे काय, अशी शंका कोणी घेतल्यास आम्ही तिला नावे ठेवणार नाही. ती आम्ही स्वतःच पुष्कळ दिवस बाळगून होतो. परंतु कृतीचे मोल तिच्या फळावरून ठरवावे की ती करणाराच्या वृत्तीवरून ठरवावे, हा प्रश्न टीकाकाराच्या रोजच्या धंद्यातला आहे. या खेपेस तो पुस्तकाच्या निमित्ताने न येता मोटारीच्या निमित्ताने आला, एवढाच काय तो फरक.

झाले असे की, गेल्या दिवाळीत आम्ही आमच्या गावी, वालुरास, होतो. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हे गाव; तेथील चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळे अलीकडे त्याचे नाव चार परक्या माणसांच्या तोंडी येऊ लागले आहे, एरव्ही कापूस, ज्वारी आणि काळी माती हीच त्याची ओळख. संध्याकाळी ओसरीवर मंडळी बसली असता आमचा पुतण्या, जो यंत्रशास्त्राचा विद्यार्थी आहे, १९६८ सालच्या लंडन–सिडनी मॅरेथॉनची हकीकत सर्वांस सांगत होता. हकीकत रंगात आली, शेवटास गेली, आणि मग तो म्हणाला, "पण काका, हा कोवन जिंकला कसला? पुढची गाडी आपटली म्हणून ह्याच्या पदरात बक्षीस पडले. फुकटचे!" ओसरीवरील मंडळींनी माना डोलावल्या. आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. मात्र तो 'फुकटचे' हा शब्द मनात सलत राहिला. जो माणूस आरडाओरड न करता हातचे काम शेवटास नेतो, त्याच्या वाट्यास हा शब्द आपल्याकडे फार लवकर येतो. तो कोवनच्या वाट्यास न्यायाने आला की अन्यायाने, हे पाहण्यासाठी हा लेख.

प्रथम रॅली म्हणजे काय ते स्पष्ट केले पाहिजे, कारण तिला शर्यत समजण्याची चूक चांगले शिकलेले लोकही करतात. शर्यतीत गाड्या एकाच वेळी सुटतात, आखीव वाटेवर फेऱ्या घालतात, आणि जो पुढे तो पुढे हे प्रेक्षकास डोळ्यांनी दिसते. रॅलीत गाड्या ठरावीक अंतराने एकामागून एक सोडतात. मार्ग लोकांच्या नित्याच्या वहिवाटीचा असतो. त्यावर ठिकठिकाणी तपासणीची नाकी असतात. एका नाक्यापासून दुसऱ्या नाक्यास किती वेळात पोहोचावे हे आधीच ठरवून दिलेले असते, आणि लंडन–सिडनीच्या नियमाप्रमाणे जितकी मिनिटे उशीर तितके दंडगुण. ज्याचे दंडगुण सर्वांत थोडे तो पहिला. स्पर्धकांस एकमेकांची गाठ क्वचितच पडते. अष्टौप्रहर समोर असते ते घड्याळ. गाडी मोडली तर ती दुरुस्त करण्यात जाणारा वेळही त्याच हिशेबात धरला जातो. म्हणजे वेग हा येथे एक गुण आहे, एकमेव गुण नव्हे.

मराठवाड्यातील वाचकांस हा भेद समजावून सांगण्याचे वास्तविक कारण नाही. शंकरपटाची बैलजोडी निराळी, आणि अवकाळी पावसाने लोण्यासारख्या झालेल्या वाटेवरून कापसाची गाडी सेलूच्या बाजारास नेणारी जोडी निराळी. पटाची जोडी काही पळांत आपले काम उरकते आणि गुलालाने न्हाऊन निघते. दुसऱ्या जोडीच्या वाट्यास गुलाल नाही. परंतु चाक आऱ्यांपर्यंत रुतले असता खांद्याचे जू न टाकता, न बिथरता गाडी बाहेर काढते ती हीच. आमच्या आजोबांस दोन्ही प्रकारच्या बैलांची पारख होती. पटाच्या बैलांविषयी ते तासन्‌तास बोलत. पैसे मोजण्याची वेळ आली म्हणजे मात्र शांतपणे लाल कंधारी जोडीच्या शिंगांस हात लावीत. त्या बोलण्यात आणि त्या खरेदीत विसंगती आहे असे आम्हांस लहानपणी वाटे. आता वाटत नाही.

सारथ्याची विद्या ही स्वतंत्र विद्या आहे हे आपल्या प्राचीन वाङ्मयाने फार पूर्वी ओळखले होते. वनपर्वातील नलोपाख्यान पाहा. राज्यभ्रष्ट नळ बाहुक ह्या नावाने ऋतुपर्णाच्या पदरी राहतो, आणि दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता आल्यावर अयोध्येहून विदर्भापर्यंतचा मार्ग एका दिवसात काटतो. ऋतुपर्णाचे उत्तरीय वाटेत पडते. ते घेण्यास रथ थांबव म्हणावे, तोच ते एक योजन मागे राहिलेले असते. हा झाला वेग, आणि आपल्या कीर्तनकारांनी तोच रंगविला. परंतु पुढे जे घडते ते अधिक अर्थपूर्ण आहे. ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे गणून सांगतो. नळ रथ थांबवून ती मोजून पाहतो आणि संख्या बरोबर निघते. घाईच्या प्रवासात हा पडताळा कशाला, असे वाटते. पण ह्या थांबण्यामुळेच गणिताची विद्या नळास मिळते आणि कलि त्याच्या देहातून बाहेर पडतो. एक हाकणारा आणि एक मोजणारा, अशा दोघांनी मिळून तो प्रवास पुरा केला. रॅलीच्या गाडीतही चालकाशेजारी नकाशा आणि घड्याळ घेऊन बसलेला एक ऋतुपर्ण असतोच. वर्तमानपत्रांत त्याचे नाव बारीक अक्षरांत छापतात, ही गोष्ट निराळी.

आता मूळ विषयाकडे वळू. अँड्र्यू कोवन ह्याचा जन्म १३ डिसेंबर १९३६ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सरहद्दीवरील डन्स ह्या गावी झाला. घराणे शेतकऱ्याचे. स्वतः तोही शेतीच करी, आणि मोटार हाकण्याचा पहिला सराव त्याने शेताडीच्या वळणावळणांच्या, बर्फाने आणि चिखलाने निसरड्या झालेल्या वाटांवर केला. ह्याच टापूत, थोड्या मैलांवर, आणखी एक शेतकऱ्याचा मुलगा वाढत होता. त्याचे नाव जिम क्लार्क. दोघे एकमेकांचे स्नेही. क्लार्क वर्तुळाकार मार्गांवरील शर्यतींत गेला, १९६३ आणि १९६५ साली जगज्जेता झाला, आणि ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील होकेनहाइम येथे शर्यतीत मरण पावला. त्या वेळी त्याचे वय अवघे बत्तीस होते. कोवनने रॅलीची वाट धरली; १९६२ साली सनबीम रेपिअर गाडीने स्कॉटिश रॅली जिंकली; आणि ज्या वर्षी मित्र गेला त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे स्वतःचे नाव जगभर झाले. ह्या दोन मित्रांची तुलना करण्याचा मोह कोणासही होईल. क्लार्कच्या अंगची प्रतिभा कोवनच्या अंगी नव्हती, हे आम्ही आधीच मान्य करतो. प्रतिभेवाचून काय साधते, हाच आमचा प्रश्न आहे.

लंडन–सिडनी मॅरेथॉनची कल्पना लंडनच्या 'डेली एक्स्प्रेस' पत्राच्या चालकांची. १९६७ साली पौंडाची किंमत उतरविल्यामुळे इंग्लंडात जी उदासी पसरली होती ती घालवावी आणि इंग्रजी मोटारींची जाहिरात व्हावी, हा हेतू. पहिले बक्षीस दहा हजार पौंडांचे. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी ९८ गाड्या लंडनहून निघाल्या. पॅरिस, तुरीन, बेलग्रेड, इस्तंबूल, तेथून तुर्कस्तानच्या डोंगराळ भागातील सिवास आणि एर्झिंजान, पुढे तेहरान, काबूल, सरोबीकडे उतरणारी लाताबंदची जुनी खिंड, मग दिल्ली, आणि दिल्लीहून आग्रा–इंदुरावरून मुंबई, असा पूर्वार्ध सुमारे सात हजार मैलांचा होता. म्हणजे ज्या मुंबई–आग्रा रस्त्याने धुळ्या-मालेगावचे मालमोटारवाले आयुष्यभर ये-जा करीत आले, त्याच रस्त्याने ह्या गाड्याही कसाऱ्याचा घाट उतरून मुंबईत आल्या. हिंदुस्थानात रस्त्याच्या दोन्ही बाजूंस लोटलेली माणसांची गर्दी पाहून कित्येक परदेशी चालकांचा धीर सुटला, असे त्या वेळचे वृत्तान्त सांगतात. आपल्याकडे मोटार पाहावयास गर्दी जमते ती मोटारीपासून हातभर अंतरावर जमते, हे त्यांस कोणी आधी सांगितले नव्हते.

मुंबईस ७२ गाड्या पोहोचल्या. आघाडीवर होता इंग्लंडचा रॉजर क्लार्क, फोर्डच्या लोटस कोर्टिना गाडीत. (जिम क्लार्कशी ह्याचे नाते नाही, आडनाव तेवढे एक.) कोवनच्या हिलमन हंटर गाडीचे नाव त्याच्या बरेच खाली होते, आणि पाहणारांपैकी फारच थोड्यांनी ते लक्षात ठेवले असेल. हंटर ही इंग्लंडातील मध्यम स्थितीच्या कारकुनाने कुटुंबासाठी घ्यावी अशी साधी गाडी. ५ डिसेंबरास 'चुसान' जहाज ह्या गाड्या आणि माणसे घेऊन मुंबई बंदरातून निघाले, आणि १४ डिसेंबरास ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकास, पर्थ येथे, स्पर्धा पुन्हा सुरू झाली. तेथून सिडनीपर्यंतचे अंतर सुमारे साडेतीन हजार मैल. ते जवळजवळ तीन अहोरात्रींत तोडावयाचे.

येथून पुढचा भाग एखाद्या नाटकाच्या पाचव्या अंकासारखा आहे. रॉजर क्लार्कच्या गाडीचे इंजिन बिघडले. ते सुधारून तो निघाला तोच मागचा आस गेला. रस्त्याच्या कडेस तमाशा पाहत उभ्या असलेल्या एका कोर्टिनाच्या मालकाकडून त्याने तो भाग मिनतवारीने मिळविला, बसविला आणि पुढे गेला. पण वेळ गेला तो गेलाच, आणि शेवटी तो दहावा आला. आघाडी आता बेल्जियमच्या ल्यूसियाँ बियांकीकडे गेली. हा त्याच वर्षी ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत पेद्रो रॉद्रिगेझबरोबर जिंकलेला नामांकित चालक. त्याची सित्रोएन गाडी वाऱ्यासारखी चालली होती. सिडनी सुमारे दीडशे किलोमीटर राहिले. चक्र त्या वेळी त्याचा सोबती ओझिये ह्याच्या हाती होते. ज्या रस्त्यावर दुसरी गाडी यावयाची नव्हती त्या रस्त्यावर समोरून एक मिनी आली आणि दोन्ही गाड्या समोरासमोर आदळल्या. बियांकी जबर जखमी झाला. मागून येणारा आयर्लंडचा पॅडी हॉपकर्क हा स्वतः जिंकण्याच्या पंक्तीत असताना थांबला, आणि त्याने व त्याच्या सोबत्यांनी जखमींस मदत केली. १७ डिसेंबरास सिडनीच्या वॉरविक फार्म येथे हिशेब झाला तेव्हा कोवनचे दंडगुण ५०, हॉपकर्कचे ५६, आणि ऑस्ट्रेलियाच्या इयन व्हॉनचे ६२ होते. निघालेल्या ९८ गाड्यांपैकी ५६ पोहोचल्या.

पुतण्याचे म्हणणे ह्या हकीकतीवरून खरे वाटेल. अपघात झाला नसता तर बियांकी जिंकता हे जवळजवळ निश्चित आहे, आणि अपघातात त्याचा दोष नव्हता. हॉपकर्क थांबला नसता तर तो जिंकता असे मानणारेही पुष्कळ आहेत. मग कोवनचे काय उरले?

ह्या ठिकाणी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. स्पर्धेपूर्वी कोवनने रूट्स कंपनीकडे जी गाडी मागितली ती जिंकणारी गाडी नव्हती. शेवटचा क्रमांक मिळवील अशी गाडी मला द्या, अशी त्याची मागणी होती असे सांगतात. सिडनीपर्यंत पोहोचतील त्याच मुळी अर्धा डझन गाड्या, असा त्याचा अंदाज. तेव्हा पोहोचणारांत शेवटचा असलो तरी पुरे, असा त्याचा हिशेब. अंदाज चुकला हे उघड आहे, कारण सहा नव्हे तर ५६ गाड्या पोहोचल्या. परंतु चुकलेल्या अंदाजातूनही माणसाची वृत्ती कळते. इतरांनी गाडीच्या वेगाचा विचार केला, ह्याने गाडीच्या आयुष्याचा केला. त्याने आपल्यासह तीन माणसे गाडीत घेतली : स्वतः, कॉलिन मॅल्किन आणि ब्रायन कॉइल. तिसऱ्या माणसाचे ओझे वाढते, पण एकास झोप मिळते. रॉजर क्लार्कच्या आणि बियांकीच्या गाड्यांत दोन-दोनच माणसे होती. सिडनीस पहिल्या आलेल्या तिन्ही गाड्यांत मात्र तीन-तीन माणसे होती, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा तपशील नाही. बियांकीचा अपघात झोपेअभावी झाला असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तसे म्हणणे त्या शूर पुरुषावर अन्याय होईल. म्हणावयाचे ते इतकेच की, ज्यांनी मनुष्याच्या शक्तीची मर्यादा ओळखून बेत आखला ते शेवटी एकत्र सापडले.

दैव कोवनला अनुकूल झाले, यात शंका नाही. पण दैव अनुकूल होण्यासाठी माणूस योग्य जागी उभा असावा लागतो. मुंबईस मागे असलेला कोवन ऑस्ट्रेलियात पुढच्यांच्या पाठोपाठ होता तो कोणाच्या अपघाताची वाट पाहत नव्हे. आपल्या वेळापत्रकाप्रमाणे चालत होता. बियांकीची गाडी थांबली तेव्हा तिच्या पाठीमागे आणखीही पुष्कळ गाड्या होत्या. दैवाचे फळ त्या सर्वांसच का मिळाले नाही? त्या फळासाठी सात हजार आणि साडेतीन हजार मैलांवर मिनिटामिनिटाने काटकसर करावी लागली होती, आणि ती कोवनने केली होती.

आपल्या शास्त्रकारांनी नायकाचे चार प्रकार सांगितले : धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित आणि धीरप्रशान्त. ह्या चार नावांत जे वेगळे आहे त्यावर टीकाकारांनी आजवर पुष्कळ शाई खर्च केली. जे समान आहे त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. चारही नावांच्या आरंभी 'धीर' हाच शब्द आहे. उदात्तता, औद्धत्य, लालित्य, शांती ही पुढची लेणी. धैर्य नसेल तर ती घालावयाची कोणाच्या अंगावर? कोवन हा चौथ्या वर्गातला नायक, आणि चौथ्या वर्गातला नायक रंगभूमीवर नेहमीच फिका दिसतो. हॉपकर्कविषयी म्हणाल तर वीररसाच्या भेदांत युद्धवीराच्या जोडीस दयावीर सांगितला आहे, तो हाच. ६ दंडगुणांनी तो दुसरा आला. ते सहा गुण आमच्या दृष्टीने त्याच्या नावावरील सर्वांत मोठी कमाई होय, आणि त्याचे मोठेपण मान्य केल्याने कोवनचे उणे होते असे आम्हांस वाटत नाही.

तरीही एकाच विजयावर कीर्ती उभी असती तर आम्ही हा लेख लिहिण्यास धजलो नसतो. एका विजयात दैव किती आणि गुण किती, हे वेगळे काढता येत नाही. कवीच्या एका चांगल्या कवितेवरून निर्णय देऊ नये हा जो आमचा शिरस्ता, तोच येथे लावला पाहिजे. नऊ वर्षांनी, १९७७ साली, लंडन–सिडनी स्पर्धा पुन्हा झाली. ह्या खेपेस मार्ग जवळजवळ दुप्पट, सुमारे तीस हजार किलोमीटरांचा. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, हिंदुस्थानातून मद्रासपर्यंत, तेथून समुद्रमार्गे मलायात, आणि मग ऑस्ट्रेलियात लांबच लांब वळसा. सुमारे सहा आठवडे ती चालली. कोवन पुन्हा पहिला आला, मर्सिडीझ २८० ई गाडीत, पुन्हा तिघे मिळून : तो, तोच मॅल्किन आणि माइक ब्रॉड. कोणाचा अपघात त्यास पुढे ढकलावयास आला नाही. पुढच्याच वर्षी दक्षिण अमेरिकेस वळसा घालणारी तितकीच लांब रॅली झाली. तीही कोवन आणि मॅल्किन ह्यांनी जिंकली. ऑस्ट्रेलियातील सदर्न क्रॉस रॅली त्याने १९७२ पासून १९७६ पर्यंत ओळीने पाच वर्षे जिंकली. जो दैवाने एकदा जिंकतो तो पाच वर्षे ओळीने जिंकत नाही.

येथे एका हिंदी नावाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९७६ च्या पूर्व आफ्रिकेतील सफारी रॅलीत मित्सुबिशीच्या लॅन्सर गाड्या पहिल्या तिन्ही क्रमांकांवर आल्या. त्यांत कोवन तिसरा होता आणि पहिला होता केनियात जन्मलेला शीख चालक जोगिंदर सिंग. सफारी त्याने १९६५, १९७४ आणि १९७६ अशी तीनदा जिंकली, आणि बावीस वेळा भाग घेऊन एकोणीस वेळा ती शेवटास नेली. हा शेवटचा आकडा आम्हांस त्या तीन विजयांहून अधिक बोलका वाटतो. सफारीच्या लाल चिखलात गाडी शेवटास नेणे म्हणजे काय, हे वालुराच्या काळ्या रानात आषाढात गाडी घातलेल्या माणसासच कळेल. जोगिंदर आणि कोवन हे एकाच संप्रदायाचे.

आता उणे काय ते सांगू. युरोपातील जंगलवाटांवर, जेथे काही मिनिटांच्या टप्प्यात सेकंदासाठी झुंज असते, तेथे कोवन पहिल्या प्रतीचा चालक गणला गेला नाही. १९७३ पासून जागतिक अजिंक्यपदाची जी मालिका सुरू झाली तीतील एकही रॅली त्याने जिंकली नाही. अतिलांब, अतिकठीण, माणसाचे आणि यंत्राचे सत्त्व पाहणारी स्पर्धा एवढेच त्याचे क्षेत्र. त्याच्या बाहेर तो सामान्य. कादंबरीकारास भावगीत साधले नाही म्हणून आपण त्याची कादंबरी फेकून देत नाही, हे खरे. परंतु त्यास सर्वश्रेष्ठ कवी म्हणण्याचेही कारण नाही. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याच्या मृत्यूनंतर जी स्तुती केली तीत हा विवेक थोडा सुटलेला दिसतो.

दुसरा आक्षेप त्याच्यावर नसून त्या स्पर्धेवर आहे. लाताबंदची खिंड काय, आग्रा रस्ता काय, हे ज्यांच्या रोजच्या जगण्याचे मार्ग, त्यांस ह्या स्पर्धेच्या वर्णनांत केवळ अडथळ्याची जागा मिळते. निजामाच्या राज्यात १९३२ पासून सरकारी मोटारी धावू लागल्या. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली. आणि तेव्हापासून आजतागायत पन्नास माणसे, दहा कोंबड्या आणि एखादे बाळंतपण घेऊन वेळेवर जिंतुरास पोहोचणारे जे चालक होऊन गेले त्यांच्या दंडगुणांचा हिशेब कोणी ठेवला नाही. ह्या चालकांपुढे कोवनचे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, कोवनच्या कौतुकात त्यांचेही कौतुक आहे, आणि बियांकीच्या कौतुकात ते तितकेसे नाही. पोहोचणे हा गुण आहे असे एकदा मान्य केले म्हणजे एस. टी.च्या चालकाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. वेग हाच गुण मानला तर तो बिचारा कायमचाच शेवटचा.

कोवनचा वारसा कोणता, ह्याचे उत्तर बहुधा त्याच्या पुढील आयुष्यावरून देतात. १९८५ च्या पॅरिस–डाकार रॅलीत मित्सुबिशीच्या गाडीने तो दुसरा आला. त्यापूर्वीच, १९८३ साली, त्याने इंग्लंडात जी संस्था काढली ती पुढे रॅलीआर्ट युरोप ह्या नावाने मित्सुबिशीचे रॅलीचे सारे काम पाहू लागली. तिच्या छत्राखाली फिनलंडच्या टॉमी मॅकिनेनने १९९६ पासून १९९९ पर्यंत ओळीने चार वेळा जागतिक अजिंक्यपद मिळविले, आणि १९९८ साली कारखान्यांचे अजिंक्यपदही मित्सुबिशीस मिळाले. स्वतःस जी मालिका कधी साधली नाही ती ह्याने दुसऱ्याकडून चार वेळा साधून घेतली. गंमत अशी की, मॅकिनेन हा अगदी दुसऱ्या प्रकृतीचा चालक, पटाच्या बैलासारखा. त्यास आवरीत न बसता त्याच्यासाठी न मोडणारी गाडी आणि न गडबडणारी माणसे तयार ठेवणे, हे काम कोवनने केले. चांगल्या संपादकाचे काम याहून निराळे नसते. २००५ च्या सुमारास तो निवृत्त झाला, आणि १५ ऑक्टोबर २०१९ रोजी, ब्याऐंशी वर्षांचा होऊन, मरण पावला. ज्या बियांकीच्या हातून विजय गेला तो त्या अपघातानंतर चार महिनेही जगला नाही. ३० मार्च १९६९ रोजी ल माँ येथे सराव करीत असता त्याचा अंत झाला.

परंतु हा वारसा कारखान्याचा झाला. कोवनचा जो स्वतःचा मार्ग, तो पुढे कोणास चालावयासच मिळाला नाही. १९७८–७९ मध्ये अफगाणिस्तानात जे घडले आणि १९७९ मध्ये इराणात जी क्रांती झाली, त्यांनी लंडनहून दिल्लीस मोटारीने येण्याची वाट मोडली. हिलमन हे नाव १९७६ साली बंद झाले. रूट्सची मालमत्ता प्रथम अमेरिकन क्रायस्लरकडे आणि १९७८ साली फ्रान्सच्या प्यूजोकडे गेली. ज्या गाडीची जाहिरात व्हावी म्हणून तो सारा खटाटोप, तिचा कारखानदारच नाहीसा झाला. एकच ठिकाण उरले. १९६८ च्या नोव्हेंबरात कोवनची हंटर तेहरानवरून गेली तेव्हा त्या शहरात हीच गाडी 'पैकान' ह्या नावाने एक वर्षापूर्वीपासून तयार होऊ लागली होती. क्रांती झाली, इराकशी आठ वर्षे युद्ध झाले, तरी ती तयार होतच राहिली. २००५ पर्यंत ती निघत होती, आणि इराणातील टॅक्सीवाल्यांच्या दोन पिढ्यांचा संसार तिने चालविला. शेवटचा क्रमांक मिळवील अशी गाडी कोवनने मागितली होती. तिच्या वंशातील गाड्यांनी त्याचा शब्द राखला म्हणावयाचे.

हा मजकूर आम्ही पुतण्यास वाचावयास दिला. त्याने तो दोन दिवस ठेवून घेतला आणि मग परत केला. 'फुकटचे' हा शब्द त्याने मागे घेतला. १९७७ च्या विजयामुळे घेतला, आमच्या नायकभेदामुळे नव्हे, असेही स्पष्ट सांगितले. हॉपकर्कच्या सहा दंडगुणांबद्दल मात्र त्याचे समाधान झालेले नाही. तो थांबला नसता तर निकाल काय लागला असता, हे मिनिटांच्या हिशेबाने काढून दाखवितो म्हणाला, आणि वही घेऊन बसला आहे.